सहा आठवडे नुसती बल्बवर लेबलं लावतेय, याला शिकणं म्हणायचं का?

प्रश्न थोडक्यात असा. बीएस्सी एमएलटीच्या (वैद्यकीय लॅब तंत्रज्ञानाच्या) शेवटच्या टप्प्यातली एक विद्यार्थिनी एका ट्रस्टच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये सहा महिन्यांची इंटर्नशिप करतेय. सहा आठवडे झाले. बल्बवर, म्हणजे रक्ताच्या नळ्यांवर, लेबल लावणं, वॉर्डातून सॅम्पल आणणं, सेंट्रिफ्यूज (रक्त गरगर फिरवून त्यातलं पाणी, म्हणजे सिरम, वेगळं करणारं यंत्र) लावणं आणि रजिस्टर भरणं, एवढंच काम मिळतं. मशीनला हात लावू देत नाहीत. त्यातच गेल्या आठवड्यात तिने काढलेलं आयसीयूतल्या एका आजींचं सॅम्पल 'हिमोलाइज' झालं (त्यातल्या लाल पेशी फुटल्या) म्हणून सरांनी सगळ्यांसमोर झापलं आणि नक्की काय चुकलं ते सांगितलंच नाही. कॉलेजने दिलेली डायरी कोरी आहे. 'इथे शिकायला काहीच नाही, एखादी मोठी लॅब बघू का?' असं ती विचारते.

मी तुला 'तू' म्हणते, राग मानू नकोस. माझी सत्तावीस वर्षं सांगली-मिरजेकडच्या लॅबमध्ये गेली, शेवटची काही इन्चार्ज म्हणून. दरवर्षी चार-पाच मुलं इंटर्नशिपला यायची. पहिल्या आठवड्यात पांढऱ्याशुभ्र एप्रनमध्ये फोटो काढायची, तिसऱ्या आठवड्यात तोंडं उतरायची आणि सहाव्या आठवड्यात कुणीतरी धीर करून विचारायचंच, 'मॅडम, मशीन कधी?' म्हणजे तू अगदी वेळेवर विचारलंस.

मशीन शिकायला किती वेळ लागतो ते आधी सांगून टाकते. नवा अॅनालायझर आला की कंपनीचा माणूस येतो, दोन-तीन दिवस शिकवतो आणि जातो. पंधरा दिवसांत आपला हात बसतो. पुढच्या नोकरीत मशीन दुसऱ्याच कंपनीचं निघतं आणि बटणं पुन्हा पहिल्यापासून. पण समोर आलेला आकडा खरा की खोटा हे कळायला मला तीन-चार वर्षं लागली. आणि ते मी शिकले ते बल्ब, लेबलं आणि वॉर्डाच्या फेऱ्या यांतूनच.

माझ्या पहिल्याच वर्षातली गोष्ट सांगते. नाइटला मी आणि एक सिनियर. मेल वॉर्डातून एक सॅम्पल आलं, पोटॅशियम निघालं ९.६. नॉर्मल साडेतीन ते पाचच्या आसपास. सहाच्या वर गेलं की वॉर्डला फोन करायचा, सातच्या पुढे तर हृदय कधी दगा देईल सांगता येत नाही. मी फोनकडे धावले. सिनियरनी विचारलं, "पेशंट काय करतोय?" मी म्हटलं, "मला काय माहीत? मी इथेच आहे की." "मग जाऊन बघून ये."

गेले. गृहस्थ खाटेवर मांडी घालून बसलेले, चहात बिस्किट बुडवून खात होते.

परत आल्यावर सिनियरनी त्याच सॅम्पलवर कॅल्शियम लावायला सांगितलं. ३.१ आलं, नॉर्मलच्या खूपच खाली. अल्कलाइन फॉस्फटेज लावलं तर जवळजवळ नाहीच. "एवढं कमी कॅल्शियम असलेल्या माणसाला बिस्किट बुडवायला जमतं होय?" एवढंच म्हणाले आणि रिकॉलची, म्हणजे नवं सॅम्पल मागवायची, चिठ्ठी लिहायला घेतली. झालं होतं असं की वॉर्डात सीबीसीच्या (रक्तपेशींच्या मोजणीच्या) जांभळ्या बल्बमध्ये रक्त जास्त पडलं, प्लेनमध्ये (ज्यात औषध नसतं आणि रक्त गोठू देतात) कमी पडलं, म्हणून कुणीतरी यातलं थोडं त्यात ओतून बरोबर केलं होतं. जांभळ्या बल्बमधलं ईडीटीए हे पोटॅशियमचंच मीठ असतं आणि त्याचं काम कॅल्शियम धरून ठेवायचं, म्हणून तर त्यात रक्त गोठत नाही. एका ओतण्यात पोटॅशियम चढलं आणि कॅल्शियम उतरलं. अल्कलाइन फॉस्फटेज हे एन्झाइम जस्त आणि मॅग्नेशियमवर चालतं, तेही ईडीटीएने ओढून घेतलं, म्हणून ते गेलं. प्लेन बल्बमधलं रक्त नीट गोठलंच नव्हतं, तेही मी पाहिलं नव्हतं. पाहिलं असतं तर मशीनपर्यंत जायचीच गरज नव्हती.

मशीनने त्या रात्री काहीच चूक केली नव्हती. जे दिलं ते त्याने प्रामाणिकपणे मोजलं.

आता बल्ब भरायचा क्रम तुला पाठ असेलच: ब्लड कल्चर पहिल्यांदा, मग निळा सायट्रेट, मग प्लेन किंवा जेलचा, मग हिरवा हेपॅरिन, मग जांभळा, शेवटी करडा फ्लोराइड. परीक्षेत सगळे लिहितात. जांभळा प्लेनच्या नंतर का, असं तोंडी परीक्षेला विचारलं की निम्मी मुलं छताकडे बघतात. तुला ते उत्तर आता त्या चहावाल्या गृहस्थांमुळे कायमचं लक्षात राहील.

इटलीतल्या पादुआच्या हॉस्पिटलमधल्या लॅबचा एक अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. त्यात सापडलेल्या चुकांपैकी ६८ टक्के चुका सॅम्पल मशीनमध्ये जायच्या आधीच्या होत्या. प्रत्यक्ष तपासणीतल्या १३ टक्के. दहा वर्षांनी त्यांनी पुन्हा मोजलं, तेव्हा हे आकडे ६२ आणि १५ होते. म्हणजे तुला ज्या टेबलावर बसवलंय तिथेच निम्म्याहून जास्त चुका जन्माला येतात. तुझ्या सरांनी हा विचार करून तुला तिथे बसवलंय असं मी म्हणत नाही. बहुधा माणूस कमी होता म्हणून बसवलं असेल. पण जागा चुकीची नाही.

तुझ्या आजींच्या सॅम्पलकडे येते, कारण त्यावरून तुला रात्री झोप आली नाही असं तू लिहिलंयस.

तू लिहिलंस की शिरा बारीक होत्या, म्हणून २६ नंबरची सुई घेतली, रक्त हळूहळू येत होतं म्हणून पिस्टन ओढून धरला आणि मग सुईसकट बल्बच्या झाकणातून जोरात ढकललं. यात तीन जागी लाल पेशी फुटल्या असणार. बारीक सुईतून जोरात ओढताना, तिच्यातूनच पुन्हा ढकलताना आणि बल्बच्या तळावर धार आपटली तेव्हा. वर स्पिरिट न वाळवता टोचलं असेल तर चौथं कारण. पोटॅशियम हे रक्तात पेशींच्या आत भरलेलं असतं, बाहेर अगदी थोडं. पेशी फुटली की ते सिरममध्ये सांडतं. एलडीएच आणि एसजीओटी या पेशींतल्या एन्झाइमचंही तेच. सिरम गुलाबी दिसलं की पोटॅशियमचा आकडा खरा मानायचाच नाही, बल्ब बाजूला ठेवायचा. सर चिडले ते बहुधा आयसीयूतून डॉक्टर फोनवर फोन करत होते म्हणून. सगळ्यांसमोर ओरडायला नको होतं हे खरंच. मीही तसं ओरडलेली आहे आणि नंतर वाईट वाटून घेतलेलं आहे.

पुढच्या वेळी २२ किंवा २३ नंबरची, म्हणजे थोडी जाड सुई, म्हाताऱ्या माणसाला फार तर बटरफ्लाय (पंखांची, नळी जोडलेली सुई). टुर्निकेट (दंडाला आवळायचा पट्टा) एका मिनिटाच्या वर नको. मूठ एकदा मिटायला सांग, पण उघडझाप करायला लावू नकोस, त्यानेही पोटॅशियम वाढतं. सलाईन चालू असलेल्या हाताला हात लावायचा नाही. बाटली डेक्स्ट्रोजची असेल तर तिथून घेतलेल्या सॅम्पलची शुगर ६०० आणि सोडियम ११० येतं, आणि मग सगळा वॉर्ड धावत सुटतो. सिरिंज वापरलीस तर सुई काढून, बल्ब तिरका धरून, भिंतीवरून रक्त सोड. जांभळा बल्ब आठ-दहा वेळा सावकाश उलटासुलटा करायचा. ताक घुसळल्यासारखा हलवायचा नाही.

आणि शीर सापडत नसेल तर दोनदा टोचून थांब, सिनियरला बोलाव. यात कमीपणा काही नाही. वॉर्डातल्या जुन्या सिस्टरना विचार, कुठल्या हाताची शीर चांगली आहे ते त्यांना तोंडपाठ असतं.

लेबलांबद्दल तुझी सगळ्यात जास्त तक्रार आहे. मला मात्र इथेच सगळ्यात जास्त बोलायचंय.

आपल्याकडे नाव ही काय चीज आहे बघ. आधार कार्डावर माहेरचं नाव, केसपेपरवर सासरचं, घरी हाक मारतात ती तिसरीच. एखाद्या गावची चार माणसं एकाच वेळी ओपीडीत आली की आडनाव एक, मधलं नाव एक आणि वयं सगळ्यांनी 'लिहा साठ' म्हणून सांगितलेली. मिरजेला अर्धे पेशंट सीमेपलीकडून यायचे, त्यांना मराठी जेमतेम. आपण विचारतो, "तुम्ही शांताबाई ना?" आणि ती म्हातारी मान डोलावते. तिने 'तुम्ही' आणि 'बाई' एवढंच ऐकलेलं असतं. कानाने कमी ऐकणारी, घाबरलेली, तापाने फणफणलेली माणसं सगळ्याला 'हो' म्हणतात. म्हणून नाव आपण सांगायचं नाही, त्यांच्याकडून वदवून घ्यायचं. "आजी, तुमचं नाव काय? नवऱ्याचं नाव? कुठल्या गावच्या?" मग केसपेपरचा नंबर ताडून बघायचा. आणि लेबल बल्बवर पेशंटच्या समोरच, रक्त काढल्याबरोबर लावायचं. आधी लेबल लावून ठेवलेले रिकामे बल्ब ट्रेमध्ये घेऊन वॉर्डात फिरणं म्हणजे गोंधळाला आमंत्रण.

एकदा आमच्याकडे एका बाईंचं हिमोग्लोबिन आलं ११.८. दोन दिवसांपूर्वीचं होतं ६.९. मधे रक्त चढवलं असेल म्हणून रिपोर्ट जाऊ देत होते, पण रजिस्टर भरणाऱ्या मुलीने, तुझ्यासारख्याच इंटर्नने, विचारलं, "मॅडम, यांना रक्त दिल्याची नोंद कुठेच नाहीये." शेजारच्या खाटेवरच्या बाईंचा बल्ब होता तो. ज्यांना खरंच रक्त हवं होतं त्यांना ते मिळालंच नसतं. तू ज्याला 'नुसतं रजिस्टर' म्हणतेस त्यात मागचे आकडे असतात. मागच्या आकड्याशी ताडून बघण्याला पुस्तकात डेल्टा चेक म्हणतात. त्या मुलीला तो शब्द माहीत नव्हता.

सेंट्रिफ्यूजचं पटकन सांगते. प्लेन बल्ब अर्धा तास उभा ठेव, पूर्ण गोठू दे, मग फिरव. घाई केलीस तर सिरममध्ये फायब्रिनचे तंतू राहतात, ते मशीनच्या प्रोबमध्ये (सॅम्पल ओढणाऱ्या सुईत) अडकतात आणि मग दिवसभर मशीन रुसतं. पेशंटला हेपॅरिन (रक्त न गोठण्याचं औषध) चालू असेल तर गोठायला जास्त वेळ लागतो, हे आयसीयूच्या बल्बांना लक्षात ठेव. समोरासमोर सारख्या वजनाचे बल्ब, नाहीतर ते यंत्र टेबलावरून चालायला लागतं. झाकण उघडण्याआधी पूर्ण थांबू दे. आणि फिरवून काढल्यावर प्रत्येक बल्ब उजेडाकडे धरून बघ. पिवळं, गुलाबी, हिरवट, दुधाळ. पंधरा दिवस हे केलंस की कावीळ रिपोर्टच्या आधी तुला दिसेल. दुधाळ सिरम दिसलं तर सीबीसीतलं हिमोग्लोबिनही खोटं वाढलेलं असू शकतं, कारण ते प्रकाश किती अडतो यावर मोजतात आणि चरबीही प्रकाश अडवते. सीबीसीत एमसीएचसी (लाल पेशींतलं हिमोग्लोबिनचं प्रमाण) ३७च्या वर गेलेला दिसला की मी पहिल्यांदा त्याच पेशंटचा सिरमचा बल्ब शोधायची.

फास्टिंग शुगरचंही असंच. साध्या बल्बमध्ये न फिरवता ठेवलेल्या रक्तातल्या पेशी साखर खातच राहतात, तासाला पाच-सात टक्के. सकाळी सातला वॉर्डात काढलेला बल्ब वॉर्डबॉय मामांनी अकराला आणून दिला तर शुगर कमीच येणार. म्हणून तर करडा बल्ब. आणि म्हणून बल्बवर वेळ लिहायची, जी कुणीही लिहीत नाही. तू लिही.

आता तू स्वतःहून कुठे शिरू शकतेस ते सांगते. 'मला मशीन शिकवा' असं म्हणालीस तर कुणाला वेळ नसतो. पण सकाळी लॅब उघडते तेव्हा पेशंटच्या आधी कंट्रोल, म्हणजे आकडा आधीच माहीत असलेलं सॅम्पल, लावतात. त्या अर्ध्या तासात हजर राहा आणि विचार, "सर, आजचा क्यूसी मी चार्टवर काढू का?" क्यूसी म्हणजे मशीनची ही रोजची तपासणी. कुणी नाही म्हणणार नाही, कारण ते काम कुणालाच आवडत नाही. लेव्ही आणि जेनिंग्ज यांनी १९५० साली या चार्टची पद्धत लॅबमध्ये आणली. मधे सरासरीची रेघ, वर-खाली एक, दोन, तीन एसडीच्या (आकडे सरासरीपासून साधारण किती हलतात त्या मापाच्या) रेघा, रोज एक टिंब. सॉफ्टवेअर ते आपोआप काढतं, तरी महिनाभर तू ग्राफ पेपरवर हाताने काढ.

समज, ग्लुकोजच्या कंट्रोलची सरासरी ९२ आणि एसडी ३. सात दिवसांचे आकडे आले: ९४, ९५, ९४, ९६, ९५, ९६, ९७. दोन एसडीची हद्द ९८. एकही आकडा बाहेर नाही, मशीनवर सगळं हिरवं. पण हाताने टिंबं काढणाऱ्याला तिसऱ्या-चौथ्या दिवशीच दिसतं की सगळी टिंबं रेघेच्या एकाच बाजूला बसलीत आणि वर सरकतायत. कंट्रोलच्या बाटलीचं झाकण नीट लागत नसेल, पाणी उडून ते दाट होत असेल. रिएजंटचा लॉट बदलला असेल. कॅलिब्रेशन जुनं झालं असेल. क्यूसीचा चार्ट वाचायच्या वेस्टगार्डच्या नियमांत सलग दहा एका बाजूला आले की थांबा म्हणतात. दहाची वाट बघायची की सातव्या दिवशी सरांना नुसता तो कागद दाखवायचा, हे तुझं तू ठरव. माझ्या अनुभवात असा कागद दाखवणाऱ्या मुलाला दुसऱ्या दिवशी मशीनच्या स्टुलावर बसवतात.

दुसरी जागा मायक्रोस्कोपची. पावसाळ्यात डेंग्यूचा सीझन सुरू झाला की लॅबचा फोन एकाच प्रश्नासाठी वाजतो, "पेशी किती?" (लोक प्लेटलेटना पेशी म्हणतात, बरेच जण पांढऱ्या पेशी म्हणतात. त्यांना सुधारत बसू नकोस, फक्त रिपोर्ट वाचून दाखवताना कुठल्या ओळीतला आकडा आहे ते बघ.) मशीनने प्लेटलेट कमी दाखवले की स्लाइड करायचीच. हे काम इंटर्नला देतात आणि इंटर्न त्याला वैतागतात.

मी एक तरुण मुलगा पाहिलाय, हर्नियाच्या ऑपरेशनसाठी आलेला. प्लेटलेट २२ हजार. ऑपरेशन रद्द, आई रडतेय, मामा रक्तपेढीच्या रांगेत. अंगावर एक लाल ठिपका नाही, हिरड्यांतून रक्त नाही, ताप नाही. स्लाइड केली आणि पसरलेल्या रक्ताच्या शेपटीकडच्या टोकाला बघितलं तर प्लेटलेटचे घोस बसलेले, द्राक्षाच्या घडासारखे. काही माणसांच्या रक्तात ईडीटीए पडलं की प्लेटलेट एकमेकांना चिकटतात. मशीन एका घोसाला एक मोठी पेशी समजतं किंवा मोजतच नाही. निळ्या सायट्रेट बल्बमध्ये पुन्हा रक्त घेतलं, १ लाख ९० हजार आले. सायट्रेटच्या द्रवाने रक्त पातळ होतं म्हणून १.१ने गुणायचं, म्हणजे २ लाख ९ हजार. मुलाचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं. घोस सगळ्यात जास्त शेपटीला आणि कडांना साचतात. मधलं छान पसरलेलं क्षेत्र बघून स्लाइड ठेवणाऱ्याला ते दिसतच नाहीत.

तेव्हा स्मिअर, म्हणजे स्लाइडवरचा रक्ताचा पातळ थर, नीट ओढायला शीक. थेंब बारीक, दुसरी स्लाइड तीस-पंचेचाळीसच्या कोनात, एका दमात. शेपटी जिभेसारखी यायला हवी. लिशमनचा रंग घालून दोन मिनिटं, मग दुप्पट बफर, पीएच ६.८, मग सात-आठ-दहा मिनिटं, तुमच्या स्टेनच्या बाटलीच्या मर्जीनुसार. नळाच्या पाण्याने धुतलंस आणि पाणी जड असलं तर सगळं निळं दिसतं. रोज पाच जादा स्लाइड कर, नॉर्मल पेशंटच्याच. नॉर्मल दोनशे पाहिल्याशिवाय अॅबनॉर्मल डोळ्याला टोचत नाही.

तू लिहिलंस की ब्लड ग्रुप तेवढा स्लाइडवर करायला देतात आणि 'ते काय, कुणीही करेल'. दिसतं तेवढं सोपं नाही हं. १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जो गट शोधला, ज्याला जगभर बॉम्बे ग्रुप म्हणतात, तो तुझ्या स्लाइडवर सरळ 'ओ' दिसणार. अँटी-ए घातलं, गोळे नाहीत, अँटी-बी घातलं, गोळे नाहीत, झालं, ओ. त्या माणसाच्या पेशींवर एच अँटिजेनही (ओ गटाच्या पेशींवरही असणारी खूण) नसतो, आणि त्याच्या सिरममधली अँटी-एच साध्या ओ गटाच्या पेशींनाही गोळा करते. त्याला ओ रक्त दिलं तर जिवावर बेततं. म्हणून पेशींबरोबर सिरमचीही तपासणी हवी. ए, बी आणि ओ पेशी घालून, टेस्ट ट्यूबमध्ये. तुमच्याकडे रक्तपेढी असेल तर एक आठवडा तिथे मागून घे. नुसत्या स्लाइडवर काढलेला ग्रुप सांगताना 'प्राथमिक' असं म्हणायची सवय लाव.

दुसरी मोठी लॅब बघू का, असं विचारलंस. बघ हवं तर, पण काय मिळेल ते समजून जा. मोठ्या सेंट्रल लॅबमध्ये बारकोड लागलेले बल्ब पट्ट्यावरून धावतात, दिवसाला हजारोंनी. थक्क व्हायला होतं. पण ते कलेक्शन सेंटरवरून आलेले असतात, पेशंट चाळीस-पन्नास किलोमीटरवर. तिथे कुणी तुला 'पेशंट काय करतोय ते बघून ये' म्हणू शकत नाही. तुझ्या हॉस्पिटलात वॉर्ड दोन जिने वर आहे. शिकायच्या वयात मी ते दोन जिने सोडले नसते. शेवटचे दोन महिने मोठ्या लॅबमध्ये करायला कॉलेज परवानगी देत असेल तर ते मात्र छान.

काही गोष्टींवर मात्र गप्प बसू नकोस. चहा आणायला सांगितला, एकदा आण, रोजचं झालं तर हसत नाही म्हण. स्टायपेंड नाही हे वाईटच आहे, पण बहुतेक ठिकाणी तसंच आहे आणि तू एकटी ते बदलणार नाहीस. पण नाइटला एकटीला बसवलं, रिपोर्टवर सही करायला सांगितली, सहा महिन्यांच्या बाळाचं रक्त एकटीने काढायला पाठवलं, तर स्पष्ट नाही म्हणायचं आणि कॉलेजच्या कोऑर्डिनेटरना कळवायचं, लेखी.

हेपॅटायटिस बीच्या लसीबद्दल तू अवाक्षर लिहिलेलं नाहीस, त्यावरून मला शंका आहे. तीन डोस, शून्य, एक आणि सहा महिने. झाले नसतील तर उद्याच पहिला घे. झाले असतील तर अँटीबॉडीची पातळी तपासून घे, तुमच्याच लॅबमध्ये होईल, दहाच्या वर हवी. सुईला पुन्हा टोपण लावायचं नाही, कधीच नाही. सुई टोचलीच तर बोट पिळत बसू नकोस, साबण आणि वाहत्या पाण्याने धू आणि ताबडतोब सांग, लाजू नकोस. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं शक्यतो पहिल्या दोन तासांत सुरू करायची असतात, बहात्तर तासांनंतर उपयोग नसतो. माझ्या बरोबरच्या एका मुलीने ओरडा बसेल म्हणून दोन दिवस सांगितलं नव्हतं. तिला काही झालं नाही, पण ते सहा महिने तिने कसे काढले ते मी पाहिलंय.

राहिली डायरी. 'आज सीबीसी पाहिली', 'आज एलएफटी पाहिली' असलं लिहू नकोस, परीक्षकही ते वाचत नाहीत. रोज एकच सॅम्पल निवड, ज्याने तुला अडवलं. आजींच्या सॅम्पलची नोंद तुझ्या जागी मी असते तर अशी लिहिली असती:

'आयसीयू, स्त्री, ७४. सीरम इलेक्ट्रोलाइट. २ मिली सिरिंज, सुई २६ नंबर, सुईतूनच बल्बमध्ये ढकललं. ११:१०ला काढलं, ११:४५ला फिरवलं. सिरम गुलाबी. पोटॅशियम ६.९, सोडियम १३८. पेशंट शुद्धीवर, मॉनिटरवर ईसीजी पूर्वीसारखाच असं सिस्टर म्हणाल्या. रिपोर्ट दिला नाही. १२:२०ला दुसऱ्या हातातून, २२ नंबरच्या सुईने, सुई काढून बल्बच्या भिंतीवरून सोडलं. सिरम पिवळं. पोटॅशियम ४.४.'